गव्हातली अमायलेजची जनुकं शोधताना

मार्कर, म्हणजे जनुकाची जागा ओळखायची डीएनएतली खूण, निवडायची घाई करू नकोस. आधी कोणतं अमायलेज (स्टार्च तोडणारं विकर) हवंय ते नक्की कर. अल्फा-अमायलेज मुख्यतः दाणा अंकुरताना, जिबरेलिन या संप्रेरकाच्या इशाऱ्यावर, अल्युरोन थरात (दाण्याच्या स्टार्चभोवतीच्या पेशींच्या थरात) नव्याने तयार होतं. बीटा-अमायलेज मात्र दाणा भरतानाच साठत जातं. नमुना चुकीच्या वेळी घेतलास तर जनुक असूनही फरक दिसणार नाही.

सुरुवात गव्हाच्या नात्यातल्या, पण सोप्या बार्लीपासून कर, हे मी आग्रहाने सांगेन. तिथे गुणसूत्रांच्या सातच जोड्या. अल्फाची मुख्य जनुकं 6एच आणि 7एच या गुणसूत्रांवर (एच म्हणजे बार्लीचा जीनोम), बीटाचं मुख्य जनुक 4एचवर.

गव्हात ए, बी, डी असे तीन उपजीनोम, म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच, आणि तिन्हींत जवळपास सारख्या प्रती. एकच प्रायमर (हवा तो डीएनए-तुकडा पकडणारा छोटा डीएनए) सगळीकडे चिकटतो आणि नकाशा बिघडतो. म्हणून प्रत्येक प्रायमर 'चायनीज स्प्रिंग' वाणाच्या नलिसोमिक-टेट्रासोमिक लाइन्सवर तपासून घे; अशा प्रत्येक लाइनमध्ये एका गुणसूत्राची जोडी नसते आणि तिच्या जागी दुसऱ्या उपजीनोममधल्या जोडीदार गुणसूत्राच्या दुप्पट प्रती असतात. ज्या लाइनमध्ये जेलवरची डीएनएची पट्टी गायब, तिच्यात नसलेल्या गुणसूत्रावर तुझं जनुक. पद्धत जुनी आहे, पण 2018 मध्ये प्रसिद्ध झालेला गव्हाचा संदर्भ-जीनोम हाताशी असतानाही मला तिचा भरवसा वाटतो.

आणि हो, बीटाचं ए उपजीनोममधलं जनुक गव्हाच्या 4एवर शोधत बसू नकोस. गुणसूत्रांच्या प्राचीन अदलाबदलीत ते 5एवर गेलंय.