स्विफ्ट रॅलीसाठी तयार करताना आधी डॅम्पर

तुझी स्विफ्ट वळणात नाक बाहेर टाकते, म्हणजे स्टिअरिंग फिरवलं तितकी वळत नाही, म्हणून लगेच कडक स्प्रिंग मागवू नकोस. पुढच्याच चाकांनी ओढायचं, वळवायचं आणि ब्रेकिंगचा मोठा भारही घ्यायचा. त्यात सम्प गार्डचं, म्हणजे इंजिनाखालच्या संरक्षक पत्र्याचं, वजनही पुढेच. पुढची बाजू कडक केलीस तर मुरमाच्या रस्त्यावर टायर जमीन धरणार नाहीत, नुसते उडतील.

पैसे आधी चांगल्या डॅम्परमध्ये, म्हणजे शॉक अब्सॉर्बरमध्ये, घाल. खड्ड्यानंतर गाडी दोनतीनदा डोलत असेल तर रिबाउंड, म्हणजे दबलेली स्प्रिंग परत उघडताना डॅम्पर करतो तो अवरोध, कमी आहे. लागोपाठच्या खड्ड्यांत ती खाली बसत जात असेल तर रिबाउंड जास्त झालाय, चाक परत खाली यायला वेळच मिळत नाही. हे ओळखायला शीक, बाकीचं सेटिंग सोपं जातं.

पुढचा अँटी-रोल बार, म्हणजे वळणात गाडीचं कलणं कमी करणारी दांडी, मऊ हवा. तो कडक असला की वळणात आतल्या चाकावरचा भार कमी होतो आणि थ्रॉटल दिला की ते नुसतं फिरतं. मागची बाजू थोडी कडक ठेव, म्हणजे गाडी वळेल. पण बेताने! उतारावरच्या सैल खडीत मागचं टोक अचानक सुटतं, आणि नवख्याला ते सावरणं अवघड असतं.

गाडीची उंची वाढवताना ड्राइव्हशाफ्टचा, म्हणजे चाकाला ताकद पोचवणाऱ्या दांड्याचा, कोन बघ; तो वाढला की त्याचे सांधे, सीव्ही जॉइंट, लवकर जातात. उंची बदलली की चाकांच्या कोनांचं अलाइनमेंट पुन्हा करायचंच.

एका वेळी एकच बदल, तोही दरवेळी त्याच, रहदारीला बंद असलेल्या रस्त्यावर तपासायचा. टायरचा दाब थंड असताना मोजून वहीत लिही.