जे लावशील ते निघायला हवं

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं, मग राग आला. गिऱ्हाईक म्हणतंय, पणजोबांचं पोर्ट्रेट नव्यासारखं करून द्या, भेगा दिसायला नकोत, कोट काळाभोर करा, पगडी जरा उठून दिसू दे. पैसे बरे देतोय, तुझं भाडं थकलंय. आणि तू मला विचारतेस, त्याचं ऐकू की दुकान बंद करून नोकरी बघू? दोनच रस्ते आहेत हे तुला कुणी सांगितलं?

माझ्या मास्तरांचं दुकान गिरगावात होतं. पाटीवर 'फ्रेम व आरसे' एवढंच. पुढे काच कापायची, पट्ट्या जोडायच्या, देवांच्या तसबिरी मढवायच्या. जुन्या चित्रांचं काम वर पोटमाळ्यावर. गल्लीतले लोक त्यांना शेवटपर्यंत फ्रेमवालाच समजत आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. पुढच्या फ्रेमा पोटमाळ्याचं भाडं भरायच्या, म्हणून पोटमाळ्यावर त्यांना कुणाची मर्जी राखावी लागली नाही. तुला फ्रेमा करायची लाज वाटते असं तुझ्या पत्रावरून दिसतं. मुंबईतली केकू गांधींची नावाजलेली आर्ट गॅलरी केमोल्ड, तीसुद्धा १९४१ सालच्या फ्रेमांच्या धंद्यातूनच उभी राहिली, गॅलरी १९६३ची. तेव्हा लाज सोड आणि माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा पुठ्ठा, कापायला शीक.

मास्तरांची एक लांबट वही होती, वाण्याकडे असते तशी. डाव्या पानावर उधारी, प्लायवुडचा भाव, कुणाची काच फुटली. उजव्या पानावर चित्रं, आणि प्रत्येक चित्रापुढे दोन रकाने: 'काय लावलं' आणि 'कसं निघेल'. दुसरा रकाना भरता येत नसेल तर पहिला भरायचा नाही. त्यांनी मला शिकवलं ते एवढंच, बाकी हात बसायचा भाग. जे लावशील ते निघायला हवं. तुझ्या पदविकेत याला भारदस्त नाव असेल. अठराव्या शतकाच्या अखेरीला व्हेनिसमध्ये पिएत्रो एडवर्ड्स सरकारी चित्रांच्या दुरुस्तीवर देखरेख करायचा. त्यानंही कारागिरांना हेच बजावलं होतं, की पुन्हा काढता येणार नाही असं काही चित्रावर घालू नका. मास्तरांना एडवर्ड्स ठाऊक नव्हता. त्यांना फेविकॉल ठाऊक होता.

फेविकॉलचं तुला सांगतोच. फाटलेल्या कॅनव्हासला मागून मांजरपाटाचं ठिगळ, भरपूर फेविकॉल लावून. हे प्रकरण आमच्याकडे सारखं यायचं. ओलाव्यानं कॅनव्हास आकसतो, रंगाचे पापुद्रे वर येतात, आणि पुढून ठिगळाचा चौकोन स्पष्ट उमटतो. मास्तर ठिगळाचा एकेक धागा भिंगाखाली सोडवायचे. ॲसिटोनचा बोळा टेकवायचा, गोंद फुगू द्यायचा, स्कालपेलच्या, म्हणजे डॉक्टरी सुरीच्या, पाठीनं हळूच खरवडायचा. बोटाएवढी जागा मोकळी करायला अख्खी दुपार. मी एकदा वैतागून म्हटलं, ज्यानं चिकटवलं तो गाढव होता. ते म्हणाले, गाढव नव्हता रे, त्याची माया होती त्या चित्रावर.

अजिंठ्याचंही तेच. १९२० ते १९२२च्या सुमारास निजामाच्या राज्यानं इटलीहून लोरेंझो चेक्कोनी आणि त्याच्या सहकाऱ्याला बोलावलं. त्यांनी सुटणारे पापुद्रे बसवले, ते चांगलंच केलं; पण वरून लाखेचं व्हार्निश दिलं. ते पिवळं पडलं, कडक झालं, आणि पुढे पुरातत्त्व खात्याचे रसायनज्ञ ते काढत बसले. तज्ज्ञ होते, हेतू उत्तम होता, पैसाही होता. हेतूनं व्हार्निश निघत नाही.

आता तुझा काळाभोर कोट. तेलरंगानं भेगांवरून फिरवलास तर आज फोटो झकास येईल. काही वर्षांनी तुझा रंग गडद होत जाईल, मूळ रंग आहे तसाच राहील, आणि कोटावर डाग उठतील. तुझा रंग काढायला जे जहाल द्रावण लागेल ते खालचा कोटही खाईल. अतिनील दिवा धरला की जुनं व्हार्निश हिरवट उजळतं आणि मागाहून मारलेला रंग काळा ठिक्कर दिसतो. तो दिवा एक दिवस कुणीतरी धरणारच. म्हणून आधी मळ आणि पिवळं व्हार्निश उतरव. फ्रेमच्या खाचेत झाकली गेलेली कड बघ, कोट मुळात किती काळा होता ते तिथे कळेल; निम्मी तक्रार तिथेच मिटेल. रंग उडालाय तेवढ्याच खड्ड्यात पुट्टी भर, मध्ये व्हार्निशचा थर दे, आणि त्यावर निघणाऱ्या रंगानं टिंब टिंब लाव. खड्ड्याबाहेर एक केसही नको.

तरी तो नव्याचा हट्ट धरेल. धरू दे. मास्तर अशा वेळी म्हणायचे, नवं हवं तर नवं काढून घ्या, चित्रकार मी गाठून देतो. जे.जे.मधून बाहेर पडलेला एखादा पोरगा नक्कल करायचा, पगडी हवी तेवढी उठवायचा, फ्रेम आमची. दिवाणखान्यात नक्कल, आतल्या खोलीत पणजोबा. हा तिसरा रस्ता, आणि यात तुझं भाडंही निघतं.

मला लोक म्हणतात, तुम्ही धंदा वाढवला नाहीत. एका हॉटेलवाल्यानं जुन्या छापील चित्रांचा गठ्ठा आणला होता, सगळ्यांना एकसारखी चकाकी हवी होती. मी परत पाठवला. त्या वर्षी घरात बोलणी खाल्ली, मुलगा अजून ऐकवतो. ऐकवू दे! माझं कुठलंही काम कुठल्याही प्रयोगशाळेत न्या आणि बोळा फिरवून बघा. निघेल. मास्तर गेले तेव्हा कुठे ओळभर छापून आलं नाही, त्याची मात्र मला अजून चीड आहे. चित्रांवर सह्या चित्रकारांच्या. दुरुस्ती करणाऱ्याचं काम न दिसणं हीच त्याची कसोटी. बोलावं तरी कुणाशी? म्हणून तुझ्याशी बोलतोय, आणि आवाज चढला असेल तर चढू दे.

तू फोटो पाठवलेस त्यात चित्राची मागची बाजू नाही, ती आधी पाठव. हात लावण्यापूर्वीच्या फोटोंवर त्या गृहस्थांची सही घे, तारखेसकट. आगाऊ रक्कम घेतली असशील तर नकलेच्या खर्चात वळव, परत करत बसू नकोस. आणि माझं उत्तर येईपर्यंत त्या कॅनव्हासला पाणी अजिबात लावू नकोस.