परदेशात फिरता फिरता लोकांचे संसार मोडणारे इंग्रज कवी लॉर्ड बायरनसारखे प्रेमवीर खरंच दोषी असतात, की ते संसार आधीच मोडकळीला आलेले असतात?

"तो नसता आला तरी तुटलंच असतं." सेम हेच मी इटलीत बोलोन्यात आमच्या फ्लॅटच्या किचनमध्ये ऐकलंय, म्हणून लिहायला बसले.

आम्ही चौघं शिकायला होतो. माझ्या तेव्हाच्या बॉयफ्रेंडच्या ओळखीतला एक भटक्या तीन रात्री सोफ्यावर झोपायला म्हणून आला तो पाच आठवडे हललाच नाही. दिसायला काही खास नाही हो! पण तुम्ही मागच्या मंगळवारी सहज बोललेलं त्याच्या लक्षात असायचं, सगळ्यांच्या आधी उठून कॉफी ठेवायचा आणि मोका पॉटला साबण लावायचा नसतो हे उलट आम्हालाच शिकवायचा. तिसऱ्या आठवड्यात माझ्या रूममेटने चार वर्षांच्या बॉयफ्रेंडला फोनवर पंधरा मिनिटांत सोडलं. तो माझा शाळेपासूनचा मित्र, ओळख मीच करून दिलेली, त्यामुळे त्याचे रात्री-बेरात्रीचे फोन मला. आणि माझा हिरो म्हणतो, तुटलंच असतं! त्यावरून जे वाजलं त्यात आमचंही फिसकटलं. पाहुणा तोवर लिस्बनला पोचलेला. रूममेटला त्याने चल म्हणून विचारलंसुद्धा नाही.

बायरनचं काय वेगळं होतं? १८१६ ला व्हेनिसला आला, ज्या कापडवाल्याकडे भाड्याने राहिला त्याच्याच बायकोशी सूत जुळवलं. मग एका बेकरची बायको घर सोडून त्याच्या वाड्यात राहायला आली, आणि कंटाळल्यावर याने परत जा म्हटलं तर तिने कालव्यात उडी मारली. (वाचली.) पुढची प्रेयसी तेरेसा ग्विचोली, तीही लग्न झालेली. तिला पोपने १८२० मध्ये नवऱ्यापासून वेगळं राहू दिलं, पण बापाच्या घरी राहायच्या अटीवर. हा १८२३ ला ग्रीसला निघून गेला.

आता तेरेसाचा नवरा तिच्यापेक्षा चाळीसेक वर्षांनी मोठा होता, तेव्हा तो संसार आधीच मोडका होता हे मान्य. रूममेटही आज मजेत आहे, तेही मान्य. पण भिंतीला तडा होता म्हणून धक्का देणारा सुटतो का? माझ्या मते नाही. आणि तीन रात्रींचे पाच आठवडे कोणी होऊ दिले, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.