नॉर्वेत समुद्रतळावर पीएचडी करायची म्हणतोस? मग ऐक

तुझा प्रश्न थोडक्यात असा की पुणे विद्यापीठातून झूऑलॉजीचं एमएस्सी संपत आलंय, फिशरीज आणि समुद्रतळाची इकॉलॉजी यातच पुढे जायचंय, घरचे म्हणतायत पुण्याच्या पोराचा समुद्राशी काय संबंध, आणि आता एकीकडे कर्ज काढून इंग्लंडात एका वर्षाचं अजून एक एमएस्सी आणि दुसरीकडे नॉर्वेत थेट पीएचडी असे दोन रस्ते दिसतायत. ताई म्हणून विचारलंयस म्हणून अरेतुरे करते, चालेल ना. मी मूळची कोथरूडची, बरीच वर्षं नॉर्वेत बर्गनला आहे, कामही हेच, ट्रॉलिंगने म्हणजे समुद्रतळावरून जाळं ओढत मासे धरण्याने तळाचं काय होतं ते मोजायचं. मोठं होणार आहे उत्तर, चहा घेऊन बस.

आधी पैशाचं उरकते. नॉर्वेत पीएचडी ही नोकरी असते. जागा निघते, जाहिरात येते (जॉबनॉर्गे नावाच्या साइटवर बहुतेक सगळ्या सापडतात), अर्ज, इंटरव्ह्यू, आणि लागलास तर तीन वर्षं, शिकवायची ड्यूटी असेल तर चार, पगार, टॅक्स, पेन्शन, रजा सगळं रीतसर. त्यामुळे 'ॲडमिशन घेतो' असं काही नसतं, जागा निघेल तेव्हाच आणि त्यांना हव्या त्या विषयावरच. मास्टर्सचं मात्र जुने व्हिडिओ बघून 'तिकडे शिक्षण फुकट' असं धरून चालू नकोस, २०२३ च्या शरदातल्या सत्रापासून युरोपबाहेरच्या मुलांना सरकारी विद्यापीठातही फी आहे. आणि इंग्लंडचं म्हणशील तर माझं मत स्पष्ट आहे, हातात एक एमएस्सी असताना दुसऱ्यासाठी घर तारण ठेवू नकोस. शिकवतात उत्तम, वेल्समध्ये बँगरला तर या विषयाची जुनी परंपरा आहे, स्वतःचं संशोधन जहाज आहे, पण या क्षेत्रातले पगार आयटीचे नसतात आणि बँकेच्या हप्त्याला ते कळत नाही. परदेशी मास्टर्सच हवं असेल तर बेल्जियमच्या घेंट विद्यापीठाच्या पुढाकाराने चालणारं, इरास्मस मुंडस या युरोपीय योजनेतलं सागरी जैवसंपदेचं मास्टर्स बघ, स्कॉलरशिप थोड्यांनाच मिळते पण मिळाली तर दोन-तीन देशांत शिकून येशील.

आता काम काय असतं ते, कारण तुझ्या प्रश्नात डॉल्फिन आणि डायव्हिंग दोन्ही आलंय आणि मला जरा काळजी वाटली.

फिशरीजवाले लोक हे मुळात हिशेब करणारे लोक असतात. दरवर्षी हिवाळ्यात नॉर्वेच्या उत्तरेला बॅरेंट्स समुद्रात सर्व्हे होतो, ठरलेल्या जागी ठरलेल्या वेळेपुरतं जाळं ओढायचं, मासे मोजायचे, लांबी घ्यायची, कानातले खडे काढून त्यावरच्या रेषांवरून वय काढायचं, मग मॉडेल, मग सल्ला, मग कोटा, म्हणजे त्या वर्षी किती पकडायचं ती मर्यादा. आणि हे सगळं नीट करूनही साठा, म्हणजे समुद्रातले त्या जातीचे एकूण मासे, खाली जातो हे तुला आधीच माहीत असू दे. इथल्या कॉड नावाच्या माशाचं बघ. जगातल्या चांगल्या व्यवस्थापनाचं उदाहरण म्हणून सगळे सांगायचे, नॉर्वेने १९८७ पासून कॉड आणि हॅडॉक समुद्रात परत फेकायलाच बंदी घातलीय, रशियाबरोबर सत्तरच्या दशकापासून संयुक्त आयोग आहे, तरी कोटा २०२१ च्या ८ लाख ८५ हजार टनांवरून २०२५ ला ३ लाख ४० हजारांवर आला. गेल्या काही वर्षांत नवीन पिल्लं कमी तगली हे मोठं कारण. त्यात २०२२ नंतर आइसेस म्हणजे १९०२ पासून चालत आलेली कोपनहेगनची जी समुद्र संशोधन परिषद, तिच्यातून रशियाचा सहभाग थांबवला गेला, मग या साठ्याचा सल्ला नॉर्वे आणि रशियाचे शास्त्रज्ञ आपापसात बसून देतात. म्हणजे राजकारण नको म्हणून सायन्सला आलो असं म्हणणाऱ्याने इकडे न आलेलं बरं.

माझी बाजू तळाची. तळाचं काम म्हणजे चिखल. ग्रॅब म्हणजे चिखल उचलणारा लोखंडी जबडा खाली सोडायचा, चिखल वर आणायचा, एक मिलिमीटरच्या चाळणीवर पाण्याने धुवायचा, उरलेलं फॉर्मालिनमध्ये, आणि नंतर लॅबमध्ये महिनोन् महिने मायक्रोस्कोपखाली किडे, शिंपले, छोटे खेकडे वेगळे करत बसायचं. कंटाळवाणं आहे, खोटं कशाला बोलू. पण प्रश्न भारी आहेत. ट्रॉल तळावरून जातं ते शेतात वखर फिरवल्यासारखं, सगळं मरत नाही पण वरचा थर हलतो. किती हलतो यावर २०१७ साली बऱ्याच प्रयोगांचा एकत्र अभ्यास आला, त्यात साध्या ऑटर ट्रॉलच्या (दोन फळ्यांनी तोंड उघडं ठेवलेल्या जाळ्याच्या) एका फेरीत तळावरचं सुमारे ६ टक्के जीवन जातं आणि ते सरासरी २.४ सेंटिमीटर खोल घुसतं, तर पाण्याच्या झोताने शिंपले उकरणाऱ्या ड्रेजने ४१ टक्के जातं, खोली १६.१ सेंटिमीटर. तळावरचं जीवन निम्म्यावर आलं असेल तर ९५ टक्क्यांपर्यंत भरून यायला साधारण १.९ ते ६.४ वर्षं. हे ऐकून एक बाजू म्हणते बघा फार काही होत नाही, दुसरी म्हणते बघा वाट लागली, आणि दोघंही तोच पेपर दाखवतात.

कारण ते आकडे रेती-चिखलाचे. लाटांनी रोज ढवळली जाणारी रेती आणि थंड पाण्यातलं प्रवाळ यांना एकच नियम लावताच येत नाही. लोफोटेन बेटांच्या पश्चिमेला रॉस्ट नावाचं प्रवाळ आहे, २००२ ला सापडलं, तीनशे-चारशे मीटर खोल, लांबी ३५ किलोमीटरच्या आसपास. असलं प्रवाळ वर्षाला काही मिलिमीटर वाढतं, त्यावरून एकदा जाळं गेलं की तुझ्या माझ्या हयातीत परत येणार नाही. म्हणून आमच्यात खरा वाद किती ओढायचं यापेक्षा कुठे ओढायचं याचा असतो, आणि त्यासाठी तळाचा नकाशा लागतो, तो काढायचं मारेआनो नावाचं सरकारी काम २००५ पासून चालू आहे, अजून संपलेलं नाही. या विषयात पीएचडी करायची असेल तर प्रपोजलमध्ये 'ट्रॉलिंग वाईट आहे' असं गृहीत धरून सुरुवात करू नकोस, कमिटीत बसलेल्यांपैकी निम्मे जण मच्छीमार घरातले असू शकतात.

आता तू काय कर. पहिलं, इकडे यायच्या आधी एक सीझन कोकणात काढ. मिरकरवाडा, हर्णै, नाहीतर मुंबईत ससून डॉक, कुठलंही मासळी बंदर चालेल. मी हे कोकणप्रेमाने सांगत नाहीये. इकडे एक साठा, एक मॉडेल, एक कोटा असं चालतं आणि आपल्याकडे एका ओढीत पन्नास प्रकार येतात, त्यात सुरमई हॉटेलला जाते, बारीक कचरा मासळी फिशमीलला, कोटा नाहीच, नियम आहेत ते बोट, जाळं आणि दिवसांचे. १ जून ते ३१ जुलै बंदी, पर्ससीन म्हणजे माशांच्या थव्याला वेढा घालणाऱ्या मोठ्या जाळ्यावर निर्बंध, एलईडी लावून मासेमारीला बंदी, २०२३ ला महाराष्ट्राने ५४ जातींची किमान लांबी ठरवली, पापलेटला १३५ मिलिमीटर. हे नियम कागदावर आणि धक्क्यावर कसे वेगळे दिसतात हे ज्याने बघितलंय त्याला इंटरव्ह्यूत बोलायला स्वतःचं काहीतरी असतं. आणि तळाचं म्हणशील तर विजयदुर्गच्या बाहेर शंभरेक किलोमीटरवर आंग्रिया बँक आहे, अख्खं पाण्याखालचं पठार, त्यावर प्रवाळ, आणि मी ज्यांना विचारलं त्यातल्या अर्ध्या पुणेकरांना ते नावही माहीत नव्हतं.

दुसरं, जाती ओळखायला शीक. आकुर्डीला झूऑलॉजिकल सर्व्हेचं केंद्र आहे, जाऊन विचार, नमुने बघू दे म्हणावं, नाही म्हणाले तर परत जा. मॉडेल चालवणारी मुलं ढिगाने मिळतात, समुद्री किड्यांच्या जाती ओळखणारं माणूस मिळत नाही, इकडेही जुने लोक रिटायर होतायत. पण म्हणून आकडेवारी सोडू नकोस, आर ही त्यासाठीची कॉम्प्युटरची भाषा शिकून घे, त्याशिवाय कोणी उभं करणार नाही.

तिसरं, प्रोफेसरांना मेल टाकताना 'रिस्पेक्टेड सर, आय ॲम व्हेरी पॅशनेट' असलं नको. त्यांचा एखादा पेपर वाच, त्यातला एक आकडा तुला का खटकला ते चार ओळीत लिही, पुढे तुझा स्वतःचा छोटा डेटा, मिरकरवाड्याचा असला तरी चालेल. इकडे सगळ्यांना पहिल्या नावाने हाक मारतात, सुरुवातीला जीभ वळत नाही, होते सवय.

राहण्याबद्दल पटकन. पाऊस. पुण्यात वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर, बर्गनला दोन हजारांच्या वर, आणि तो घाटावरच्यासारखा धो धो नाही तर वर्षभर पिरपिर. डिसेंबरात पावणेदहाला उजाडतं, साडेतीनला मावळतं, व्हिटॅमिन डी घे आणि लाजू नकोस. घरभाडं महाग. बोट लागते का हे आधी तपासून घे, हर्णैहून कुणाच्या तरी ट्रॉलरवर बसून जा, कारण इकडे सर्व्हेला जायच्या आधी मेडिकल आणि सेफ्टी ट्रेनिंग होतं पण फेब्रुवारीच्या बॅरेंट्ससाठी पोटाची तयारी कोणी करून देत नाही. मासे खात नसशील तरी चालतं, आमच्या लॅबमध्ये एक जण शाकाहारी आहे आणि कॉडची वयं त्याच्याइतकी अचूक कोणी काढत नाही.

भाषा मात्र मनावर घे. पीएचडी इंग्रजीत होते, पण नंतर कायमची नोकरी हवी असेल तर नॉर्वेजियन लागतंच, मच्छीमारांच्या मीटिंगा त्यांच्याच भाषेत होतात आणि तिथे गप्प बसणाऱ्याला दुसऱ्यांदा बोलवत नाहीत. पहिल्या वर्षापासून क्लास लाव. पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या नोकऱ्या दोन-तीन वर्षांच्या असतात, त्यानंतर काय हे कोणीच आधी सांगू शकत नाही, तेव्हा परत यायची वेळ आली तर गोव्याची एनआयओ (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था), कोचीची सीएमएफआरआय (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था), वर्सोव्याची सीआयएफई (केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था) या जागा डोक्यात असू देत. त्या कमीपणाच्या नाहीत.

आणि घरच्यांना सांग, खडकवासल्याला केंद्रीय जल संशोधनशाळा १९१६ पासून आहे आणि देशभरातल्या बंदरांची मॉडेल्स समुद्रापासून शंभर किलोमीटर आत बसून तिथे तपासतात. त्यावर बाबा काय म्हणतात ते कळव. सीव्ही पाठवलास तर बघते, पण महिनाअखेर क्रूझ म्हणजे संशोधनाची बोटफेरी आहे, तेव्हा त्याआधी पाठव, आणि दोन पानांच्या वर नको.