बँकांवर आणखी कडक नियम हवेत, की ठेवीदारानेच डोळे उघडे ठेवावेत?

वडिलांच्या निवृत्तीचे पैसे सहकारी बँकेत ठेवावेत का, असं तुम्ही विचारलंय. शिवाय तुमचा मित्र म्हणतो की नियम वाढवून काही होत नाही, ठेवीदारानेच जपून राहावं. माझं मत तुमच्या मित्राच्या अगदी उलट आहे.

ठेवीदाराने बघायचं म्हटलं, तरी त्याला दिसतं काय? भांडुपला मुख्यालय असलेली पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक घ्या. मार्च २०१९ च्या ताळेबंदात नफा होता, थकीत कर्जं थोडकीच होती. प्रत्यक्षात ७० टक्क्यांच्या आसपास कर्ज एकाच बिल्डर समूहाकडे अडकलं होतं आणि ते झाकायला २१ हजारांवर बनावट खाती रचली होती. लेखापरीक्षणात आणि रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत जे वर्षानुवर्षं उघडं पडलं नाही, ते मुलुंडच्या एखाद्या निवृत्त शिक्षिकेने पासबुक बघून ओळखायचं? २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून जेमतेम १,००० रुपये काढता येत होते. पुढे २०२२ मध्ये बँक विलीन झाली, पण मोठ्या ठेवी टप्प्याटप्प्याने द्यायच्या ठरल्या आणि शेवटचा टप्पा १० वर्षांनंतरचा.

रिझर्व्ह बँकेच्या दारात आणि किल्ला कोर्टाबाहेर ठेवीदार घोषणा देत उभे राहिले, त्यानंतर चाकं हलली. ठेव विमा म्हणजे बँक बुडाली तर ठेवीदाराला नक्की परत मिळणारी रक्कम; १९९३ पासून १ लाखावर अडकलेली तिची मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये ५ लाख झाली. त्याच वर्षी सहकारी बँकांच्या कारभारावर रिझर्व्ह बँकेला जास्त अधिकार मिळाले. २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध लागल्यापासून साधारण ९० दिवसांत विम्याची रक्कम देणं बंधनकारक झालं. त्याआधी बँक अवसायनात निघेपर्यंत, म्हणजे कायमची बंद करून तिचा हिशेब मिटवायला घेईपर्यंत, वाट बघावी लागायची. मुळात आपल्याकडे ठेव विमा आला तोही १९६२ मध्ये, १९६० मध्ये पलाई सेंट्रल आणि लक्ष्मी बँक बुडाल्यावर. आधी कुणाचा तरी संसार उघड्यावर पडायचा आणि मग कायदा व्हायचा, हा क्रम मला मान्य नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेच्या तिजोऱ्यांतून १२२ कोटींची रोकड गायब असल्याचं निघालं. म्हणजे प्रत्यक्ष नोटा मोजण्याची साधी बाबही नीट पाळली जात नव्हती.

मी आमच्या सोसायटीचा खजिनदार आहे, त्यामुळे एक गोष्ट मला फार टोचते. सोसायटीचा सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी, हा सगळ्या सभासदांनी महिन्याच्या मेन्टेनन्समधून वर्षानुवर्षं साठवलेला पैसा. विम्याच्या हिशेबात मात्र सोसायटी म्हणजे एकच ठेवीदार. शंभर कुटुंबांच्या इमारतीला मिळून ५ लाख! त्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंगसुद्धा उरकत नाही. गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळी, मोठी मर्यादा हवी आणि महागाईप्रमाणे ती आपोआप वाढायला हवी. पतपेढ्यांच्या ठेवींना तर हा विमा मुळी लागूच नाही, आणि हे तिथे पैसे ठेवणाऱ्या कितीतरी जणांना कुणी सांगितलेलंच नसतं.

नियमांचा खर्च छोट्या बँकांना जड जातो, ही तुमच्या मित्राची बाजू मला कळते. वडापावच्या गाडीवाल्याला, टॅक्सीवाल्याला याच बँकांनी जवळ केलं. पण म्हणूनच त्या टिकायला हव्यात, आणि ठेवीदाराचा विश्वास उडाला की पहिल्या त्याच मरतात.

दुसरा मुद्दा काउंटरवरच्या विक्रीचा. आमच्या शेजारच्या आजी एफडीचं नूतनीकरण करायला बँकेत गेल्या आणि दरवर्षी हप्ता भरायची विमा पॉलिसी घेऊन आल्या. कागद सगळे इंग्रजीत, खाली ‘वाचून समजलं’ म्हणून सही. पॉलिसी परत करायला ३० दिवस मिळतात, पण आपण एफडीच केली असं समजणारा माणूस त्या ३० दिवसांत परत करणार तरी काय? ऑनलाइन व्यवहारांसाठी रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच नियम केला की ग्राहकाच्या संमतीशिवाय पैसे गेले, तर चूक ग्राहकाची होती हे बँकेने सिद्ध करायचं. तोच नियम इथेही लावा. पॉलिसी त्या माणसाच्या गरजेची होती आणि त्याला मराठीत समजावून सांगितली होती, हे विकणाऱ्याने सिद्ध करावं. माहिती ज्याच्याकडे, जबाबदारी त्याची.

आता वडिलांच्या पैशांचं. एका बँकेत त्यांच्या नावावर व्याज धरून ५ लाखांच्या वर जाऊ देऊ नका. सगळ्या शाखांमधल्या ठेवी एकत्र मोजल्या जातात. बँकेचा ठेव विमा चालू आहे ना, हे शाखेत विचारा. ठेव पावती हातात आल्यावर ती विमा पॉलिसी तर नाही ना, हे तिथेच उभं राहून वाचा. काही बिनसलं तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. ३० दिवसांत दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.