अपघातात डोक्याला मार लागलेला भाऊ आता चालतो-बोलतो, पण दिवसभर नुसता बसून असतो. तो पूर्वीसारखा कधी होईल आणि घरी आम्ही काय करावं?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, "सांगितलं की करतो, म्हणजे जमतंय त्याला. पण आपणहून इकडची काडी तिकडे करत नाही. आळशी झालाय." हे वाक्य मी आमच्या घरात दोन वर्षं ऐकलंय, म्हणून हातातलं काम ठेवून लिहायला बसले.

आळशी हा शब्द आधी घरातून काढा. सांगितलं की करतो आणि आपणहून करत नाही, हीच त्या जखमेची खूण आहे. काम सुरू करणं, एक संपवून दुसऱ्याला लागणं, हे मुख्यतः कपाळामागच्या मेंदूचं काम. तो भाग दुखावला की हातात ताकद असते, काम माहीत असतं, पण माणूस सुरूच होत नाही. मोटर चांगली आहे, लाइट आलेली आहे, स्टार्टर पकडत नाही, असं समजा.

माझ्या धाकट्या भावाचं गावात मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरला नवी तार भरून द्यायचं दुकान. गळीत हंगाम ऐन भरात होता. रात्री रस्त्याकडेला उभ्या केलेल्या उसाच्या ट्रॉलीवर त्याची गाडी आदळली. ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर नव्हता, याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. दवाखान्यात पोचला तेव्हा ग्लासगो स्कोअर, म्हणजे माणूस किती शुद्धीवर आहे त्याचे गुण, १५ पैकी ७. ८ किंवा त्याखाली म्हणजे गंभीर इजा. कवटीचा तुकडा काढून पोटाच्या कातडीखाली ठेवला, तीन महिन्यांनी परत बसवला. १९ दिवस आयसीयू. मग नळ्या उपसून काढण्याचे, आईला शिव्या देण्याचे दिवस. तो टप्पा तुमच्याकडे होऊन गेला असणार, त्यावर लिहीत नाही.

डिस्चार्जच्या वेळी सांगितलं, फिजिओ करा, फिटची गोळी चुकवू नका. वागण्याबद्दल अवाक्षर नाही. तो काठी सोडून चालला त्या दिवशी आईने गावात पेढे वाटले. आणि दुसऱ्या दिवसापासून तो कट्ट्यावर बसला. सकाळी बसवला की ऊन अंगावर आलं तरी जागा बदलायचा नाही. घसा कोरडा पडला तरी पाणी मागायचा नाही. तांब्या हातात दिला की घटाघटा प्यायचा.

काका म्हणाले, "आयतं मिळतंय तोवर कशाला उठेल तो? नाटक आहे." आई दुसऱ्या टोकाला. घास भरवायची, शर्टाची बटणं लावायची. एकाने दोष दिला, एकीने सगळं करून टाकलं, आणि पोराला सुरुवात करायची वेळच कुणी येऊ दिली नाही. मी शाळेत शिकवते. उन्हाळ्याच्या सुट्टीत माहेरी येऊन राहिले. जिल्ह्याच्या गावी एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या) बाई भेटल्या. त्यांनी एवढंच विचारलं, "आधी काय काम करायचा? तेच घरी आणा."

दुकानातून ५ एचपीची जळालेली मोटर पडवीत आणवली. तो बघत बसला. मी म्हणाले, "छिन्नी घे." घेतली. "जुनी कॉइल काप." कापली, आणि इतकी सफाईदार की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काका खाटेवरून म्हणाले, "बघ, सगळं येतंय की!" मी म्हणाले, "काका, आता आपण दोघांनीही बोलायचं नाही. घड्याळ बघा." भाऊ छिन्नी हातात धरून, पुढच्या स्लॉटवर (तार बसते त्या खाचेवर) नजर ठेवून बसून राहिला. तोंडावर माशी बसली, ती उडवली नाही. ११ मिनिटं. शेवटी काकाच उठून गेले. नाटक करणाऱ्याला माशी सहन होत नाही, काका. तेव्हा बोलले नाही, आज लिहिते.

संध्याकाळी मी एका पुठ्ठ्यावर त्याच्याकडूनच विचारून विचारून पायऱ्या लिहिल्या. टर्न (तारेचे वेढे) आणि गेज (तारेची जाडी) नोंदव, कॉइल काप, तार ओढून काढ, स्लॉट घास, पेपर घाल, मशीनवर नवी कॉइल वळ, बसव, जोड दे, दोऱ्याने बांध, वार्निश. पुठ्ठ्याला कपडे वाळत घालायचा चिमटा लावला. पायरी झाली की चिमटा खाली सरकवायचा. मी बोलायचं नाही, फक्त पुठ्ठ्याकडे बोट दाखवायचं. पूर्वी दीड दिवसात होणाऱ्या मोटरला १६ दिवस लागले. अर्ध्या-पाऊण तासाने त्याचा मेंदू थकायचा, चेहरा राखेसारखा व्हायचा, मग झोप. टर्न मोजण्यात चुकायचा, वाइंडिंग मशीनच्या काउंटरने सांभाळून घेतलं. दहाव्या दिवशी पेपर घालून झाल्यावर मान वर करून म्हणाला, "आक्का, पुढं काय?" अपघातानंतर त्याने आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न.

तुमच्या भावाचं काम वेगळं असेल. पद्धत हीच ठेवा. रोज तीच वेळ, तीच जागा, एका वेळी एकच काम, टीव्ही बंद. भेटायला येणाऱ्यांना "ओळख बघू मी कोण" विचारू देऊ नका. आंघोळीपासून चहापर्यंत प्रत्येक कामाचा पुठ्ठा होतो.

पूर्वीसारखा कधी होईल? गंभीर मार असेल तर अगदी पूर्वीसारखा बहुधा होत नाही. पण "सहा महिन्यांत व्हायचं ते झालं" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. सुरुवातीचे महिने वेग जास्त असतो, नंतर कमी होतो, पण सुधारणा दोन वर्षं आणि त्यापुढेही होत राहते. आमच्या काकांनी सहाव्या महिन्यात गाळा भाड्याने द्यायचं ठरवलं होतं. मी अडवलं. आज भाऊ त्याच गाळ्यात सकाळी तीन तास काम करतो. गिऱ्हाइकाने घासाघीस केली की चिडतो, म्हणून हिशेब चुलतभाऊ बघतो. थेट लाइनवर मोटर जोडायला त्याला देत नाही. फिटचा धोका आहे म्हणून शिडी, विहीर, गाडी बंद.

हे आधी सांगायला हवं होतं. असं बसून राहणं नैराश्यानेही असू शकतं, फिटच्या गोळ्यांच्या गुंगीनेही, मार लागून मेंदूच्या तळाशी असलेल्या, हार्मोन सांभाळणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीचं काम बिघडल्यानेही किंवा मेंदूत पाणी साठल्यानेही. तेव्हा न्यूरोलॉजिस्टला आधी दाखवा. चाल बिघडली, लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी. मोठं ठिकाण हवं असेल तर मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे, आणि बंगळूरला निम्हान्स या मेंदू व मनाच्या आजारांच्या सरकारी संस्थेत मेंदूच्या रुग्णांसाठी पुनर्वसनाचा स्वतंत्र विभाग आहे.

आणि अपघात वाहनाचा असेल तर मोटार अपघात दाव्यासाठी लगेच वकील गाठा. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात सहा महिन्यांची मुदत घातली आहे. भाऊ ज्या ट्रॉलीवर आदळला ती भावकीतल्याच माणसाची होती. "घरातल्या माणसावर केस करतेस?" असं काका सगळ्यांदेखत म्हणाले, आणि आम्ही पाच महिने त्यातच घालवले. विमा असला की भरपाई विमा कंपनी देते, घरातला माणूस नाही. पुढच्या उपचारांचा खर्चही त्यात मागता येतो. मी शेवटच्या आठवड्यात दावा दाखल केला. काका अजून माझ्याशी बोलत नाहीत. भावाची फिजिओ मात्र एकही दिवस चुकलेली नाही.

पुठ्ठा आजच करा. अक्षर वाकडं आलं तरी चालेल, पहिली ओळ त्याच्या हातून लिहून घ्या.