रानात शिरताना आजोबा कोणाला विचारतात?

लाडके बाय,

तुझा व्हॉट्सॲपवरचा निरोप मी ड्युटी संपवून गाडीत बसल्या बसल्या दोनदा ऐकला. आजोबांबरोबर अळमी, म्हणजे रानातली भूछत्रं, आणायला गेलीस, शिवेवरच्या दगडापाशी त्यांनी वहाणा काढल्या, ‘येऊ काय गा?’ असं मोठ्याने विचारलं, आणि समोर तर कोणीच नव्हतं! मग त्यांनी विचारलं कोणाला? आणि मी इथे कॅनडात डोंगरावर जाते तेव्हा कोणाला विचारते? फोनवर सांगायला गेले की नेट जातं, म्हणून लिहिते आहे. मोठ्याने वाच, आजोबांनाही ऐकू दे. चुकलं तर टोकतीलच.

आजोबांनी विचारलं राखणदाराला. आपल्या गोव्यात कोणी त्याला देवचार म्हणतात. खांद्यावर कांबळं, हातात दांडा, पायात वहाणा, आणि रात्री गावाच्या शिवेवरून फेरी. वर्षाचा रोट त्याला, विडी त्याला. (सोरो म्हणजे दारू, तीही त्याला, पण ते आजीसमोर वाचू नकोस.) पलीकडे सिंधुदुर्गात आरवलीच्या वेतोबाला लोक भल्यामोठ्या चपला वाहतात, देव रात्री गावभर फिरतो आणि त्या झिजतात, असं म्हणतात. आपल्या सत्तरी तालुक्यातल्या केरीच्या देवाचं तर नावच आजोबा. लहानपणी मला वाटायचं की तो आपल्याच घरातला कोणीतरी, रुसून रानात जाऊन राहिलेला.

तो खरा आहे का, हे तू विचारलं नाहीस, पण विचारशील. मला तो कधी दिसलेला नाही. पण एकदा मला त्याचा उपयोग झाला, ते सांगते.

मी तुझ्याएवढी होते. चवथीचा आदला दिवस. माटोळीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या रानफळांच्या चौकटीला, कांगलां, घागऱ्यो आणि माट्टीची फळं हवी होती. मी बाबांच्या, म्हणजे तुझ्या आजोबांच्या मागे होते. एक कांगलांचा वेल दिसला म्हणून वाट वाकडी केली, मग दुसरा दिसला, आणि वर बघते तर बाबा नाहीत. पाऊस पिसासारखा भुरभुरत होता, धुकं उतरलेलं. मी घराच्या दिशेने तरातरा चालू लागले. एक मोठी रोयण, म्हणजे वारूळ, लागली, वर तांबडी माती ओघळलेली. पुढे गेले, परत तीच रोयण. आणखी जोरात चालले. तिसऱ्यांदा तीच! तेव्हा कळलं, आपल्याला चकवा लागला.

चकव्याच्या गोष्टी तू आजीकडून ऐकल्याच असशील. माणूस रात्रभर चालतो आणि उजाडल्यावर बघतो तर तिथल्या तिथेच. मोठी झाल्यावर मला कळलं की ही नुसती गोष्ट नाही. 2009 साली जर्मनीतल्या संशोधकांनी माणसांना अनोळखी रानात ‘सरळ चालत राहा’ म्हणून सोडलं. सूर्य दिसत होता तेव्हा ती बरीच सरळ गेली. ढग आले तेव्हा गोल गोल फिरली, स्वतःच्याच वाटा ओलांडल्या, आणि त्यांना वाटत होतं आपण सरळच चाललोय. आपले पाय आपल्याला फसवतात. भाद्रपदातल्या सत्तरीच्या रानात सूर्य कुठला दिसायला!

मला तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. बाबांचं एकच वाक्य डोक्यात होतं: चकवा लागला की बसायचं. धावायचं नाही, व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेने खाली उतरायचं नाही, एका मोठ्या झाडाचं बूड धरून बसायचं आणि राखणदाराला हाक मारायची. मी एका माट्टीला पाठ टेकून बसले आणि रडत रडत ओरडत राहिले, ‘राखणदारा, मी हांगा आसां!’, मी इथे आहे! राखणदार आला की नाही माहीत नाही. बाबा आले, हाकेच्या रोखाने. मला ओरडले नाहीत. घरी जाताना त्यांनी त्या माट्टीला हात लावून कपाळाला लावला.

आता गंमत ऐक. मी राहते त्या ब्रिटिश कोलंबियात शाळेतल्या पोरांना शिकवतात: रानात हरवलात तर झाडाला मिठी मारा आणि तिथेच थांबा. चालत राहणाऱ्याला शोधणं कठीण, थांबलेल्याला सोपं. व्हाळाचंही तसंच. डोंगरातला व्हाळ नेमका कड्यावर नेऊन सोडतो. आपल्या घाटात तर त्याचा धबधबाच होतो. भूक सगळ्यात शेवटची काळजी. आधी ओलं होऊ नये, गारठू नये. म्हणून आजोबांचं ते जुनं इरलं तुला कितीही विनोदी वाटलं तरी डोक्यावर घे.

आणखी एक. इथे अस्वलं पुष्कळ. वाट वळणाची असली की लोक मोठ्याने बोलत चालतात, ‘हे बेअर!’ अशी हाळी देतात. अस्वलाला दचकवलं तर ते अंगावर येऊ शकतं. आधी कळलं तर बहुतेक वेळा स्वतःच बाजूला होतं. मी पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मला आजोबांचं ‘येऊ काय गा’ आठवलं. आपल्या म्हादईच्या रानातही गवे आहेत, अस्वलं आहेत. आवाज देऊन आत जाणारा माणूस त्यांनाही बरा. पण हे कारण आजोबांना सांगू नकोस. ‘म्हणजे मी काय गव्याला विचारतो?’ म्हणतील, आणि त्यांचं बरोबर आहे. ते खरंच परवानगी मागतात. नाही मिळाली असं वाटलं की परत फिरतात, मी बघितलंय.

इथेही एक राखणदार आहे बरं का. माझ्या गावाजवळ हॅरिसन नदी आहे, तिच्या काठी स्टेएलिस नावाचे मूळ रहिवासी राहतात. त्यांच्या भाषेतल्या शब्दावरून ‘सास्क्वाच’ हे नाव आलं. उंच, केसाळ, रानाची राखण करणारा. 1929 साली तिथल्या एका शाळामास्तरांनी त्याच्यावर मासिकात लेख लिहिला आणि तो बाहेरच्या जगाला कळला. मग काय, लोक कॅमेरे घेऊन पाठी लागले, पावलांचे ठसे मोजू लागले. स्टेएलिस मात्र त्याला शोधायला जात नाहीत. आपल्या वाड्यावरून कोणी देवचाराचा फोटो काढायला गेल्याचं तरी तू ऐकलंस का?

राखणदार एवढा असूनही आपलं रान सुरक्षित आहे, असं मात्र समजू नकोस. गोव्यात वाघाला ‘वाघ्रो’ म्हणून पूजतात, त्याच्या मूर्ती आहेत. आणि 2020 च्या जानेवारीत आपल्याच सत्तरीत, गोळावलीला, चार वाघ मेलेले सापडले. विष घातलेलं. गुरं मारली म्हणून. ज्याची गाय जाते त्याचं दुःख मला कळतं, भरपाई वेळेवर मिळत नाही हेही कळतं. तरी ती बातमी वाचून मी त्या रात्री जेवले नाही. वाघ्रोला नारळ ठेवणारे हात आणि विष ठेवणारे हात एकाच तालुक्यातले. यावर आजोबा काय म्हणतात, विचार. मला त्यांनी सांगितलं नाही, नुसते अंगणात जाऊन बसले.

बांबरची निरंकार देवाची राय, म्हणजे देवराई, मात्र अजून उभी आहे. आजोबांना सांग, पाऊस ओसरल्यावर तुला घेऊन जायला. तिथे चिखलातून झाडांची मुळं गुडघ्यांसारखी वर आलेली दिसतील. पाण्यात बुडलेल्या मातीत हवा मिळत नाही म्हणून ती वर येऊन श्वास घेतात. त्या रायीतलं लाकूड कोणी तोडत नाही. देवाच्या भीतीने, असेल. मला चालेल.

आणि अळमी. तू म्हणालीस, आजोबांनी रोयणीवरची सगळी काढली नाहीत, म्हणून तुझा रस्सा कमी झाला. ती अळमी कोणाला शेतात पेरता येत नाहीत. वाळवी आत वारुळात बुरशी पोसते, पावसात तीच वर येते. वारूळ म्हणजे सांतेर देवी, हे तुला आजीने सांगितलं असेलच. तिच्या घरातलं सगळंच कसं उचलून आणायचं?

तर, मी कोणाला विचारते? इथे पहिल्यांदा एकटी डोंगरावर गेले तेव्हा पायवाटेच्या तोंडाशी थांबले. आजूबाजूला कोणी नाही असं बघून हळूच म्हटलं, ‘येऊ काय गा?’ मराठी त्याला कळते की नाही, कोण जाणे. बूट मात्र काढले नाहीत, बर्फ होतं.

येत्या पार्सलमध्ये तुझ्यासाठी एक नारिंगी शिटी पाठवते आहे. इथे रानात जाणारे पुष्कळ जण ती गळ्यात बांधतात; तीनदा वाजवली की मदत हवी असा अर्थ. आजोबा तिन्हीसांजेला रानात शीळ घालू देत नाहीत, ते मला आठवतंय. तेव्हा त्यांना नीट विचारून घे: तोंडाची बंद आहे, पण प्लास्टिकची चालते काय?

तुझी,
आई